निळं मीठ

गोणीवर बारीक अक्षरांत घटक छापले होते.
बाबांनी बोट ठेवून वाचले
आणि गोणी स्लेजवरून खाली ढकलली.
"सायनाइड. हे माझ्या कळपाला चाटायला द्यायचं?"

मी त्या हिवाळ्यात ट्रॉनहाइमहून घरी आले होते,
रसायनाची दुसऱ्या वर्षाची वही घेऊन.
डोंगरावर दगडफूल नेहमीसारखंच करडं.
दगडफुलाला मुळं नसतात,
आभाळ जे वाढेल ते खातं.
एप्रिलच्या शेवटी आभाळाने सीझियम वाढलं.
ना वास, ना चव.
शरदात कापलेलं मांस आम्ही खड्ड्यात पुरलं,
आई दिवसभर कोणाशी बोलली नाही.

वहीचं मागचं पान फाडून मी मध्ये लोखंड काढलं.
वर, खाली, चार बाजूंना
सहा कार्बन, प्रत्येकाच्या पाठीशी नायट्रोजन,
दोघांमध्ये तीन रेघा.
"मोकळं सायनाइड मारतं, कारण ते लोखंड शोधत फिरतं,
आपल्या पेशीतलं, श्वासाच्या शेवटच्या पायरीवरचं.
इथे त्याला त्याचं लोखंड मिळालंय, बाबा.
दोन्ही हात गुंतलेत."

"दोन्ही?"

"नायट्रोजनच्या बाजूला दुसरं लोखंड.
पहिल्याचे इलेक्ट्रॉन जोडीजोडीने गप्प बसलेले,
दुसऱ्याचे पाचही एकेकटे, विस्कटलेले.
उजेड पडला की इकडचा एक तिकडे उडी मारतो,
त्या उडीत तांबडा-पिवळा खर्ची पडतो.
उरतं ते हे."
बाबा खिडकीकडे बघत होते.
खिडकीची चौकट आईने लग्नाच्या वर्षी रंगवलेली,
त्याच रंगात, दुकानातल्या सर्वांत स्वस्त डब्यातून.

मी लोखंडाला लोखंड जोडत गेले.
घन, घनाशेजारी घन.
"म्हणजे कोंडवाडा," ते म्हणाले,
आणि मग गुराख्याने विचारावं तेच विचारलं:
"दार केवढं?"

"पोटॅशियम पाण्याचा जाड कोट घालून येतं,
तो सहजी उतरवत नाही, दारात अडखळतं.
सीझियमच्या अंगावर पाणी पातळ,
ते झटकून आत शिरतं, आणि आतली जागा
जणू त्याच्याच मापाची."

"आणि सगळे खुंट जागेवर?"

खोटं बोलता आलं असतं.
"नाही. दर चारांमागे एक खुंट नसतोच.
तिथे नुसतं पाणी भरलेलं असतं."
पेन्सिलीने मी एका लोखंडावर, त्याच्या सहा हातांवर फुली मारली.

बाबा पहिल्यांदा हसले.
"असाच माझाही कोंडवाडा. तरी कळप राहतो."
गोणी पुन्हा स्लेजवर गेली.

फेब्रुवारीत बर्फावर निळ्या लेंड्या दिसू लागल्या.
आई म्हणाली, देवाने शाई सांडली.
ऑडवर मोजणी-यंत्र घेऊन आला,
प्रत्येक रेनडियरच्या मागच्या मांडीला ते टेकवून
आकडा ओरडायचा, आणि मी लिहून घ्यायचे.
आकडे उतरत होते, सावकाश,
घाई नसलेल्या म्हाताऱ्यासारखे.

रात्री बाबांनी विचारलं,
"लेंडीबरोबर बाहेर पडलं, बरं. मग जातं कुठे?"
"मातीत, बाबा."
"आणि मातीतून?"
मी स्टोव्हमध्ये लाकूड घातलं.
तीस वर्षांनी निम्मं होतं, हे त्यांना माहीत होतं.
निम्म्याचं काय, हे मलाही नव्हतं.

ती तीस वर्षं पुरी व्हायच्या आत ते गेले.
कानावर खूण करायच्या सुऱ्यांच्या पेटीत
तळाशी ते पान सापडलं, चार घड्यांचं,
दुमडीवर झिरपलेलं चरबीचं बोट.
माझी फुली खोडरबराने पुसून
त्या जागी त्यांनी एक खुंट काढला होता.
खालच्या टोकाला, मेख ठोकलेली.